शेल्याची गोधडी

आजोबा गेल्यावर वडील आणि काका वेगळे झाले. चौलची नारळीची वाडी, भांडी, म्हशी सारं चहा पिता पिता वाटलं गेलं. अडलं ते एका गोधडीपाशी.

ती आजीनं शिवलेली. मधोमध जरीचा तुकडा होता. आरमारातल्या कुणा सरदारानं आमच्या पूर्वजाला दिलेल्या शेल्याचा तो, असं आजोबा सांगत. त्यामुळे ती कुणी कधी पांघरली नाही. थंडीत आम्ही पोरं कुडकुडत झोपायचो आणि गोधडी पेटीत कापराच्या वासात आरामात असायची. पाहुणे आले की तिचं दर्शन घडवलं जाई.

"थोरला मी, घराण्याचा मान माझ्याकडे," वडील म्हणाले.

"मुंबईत माझ्याकडे चार मोठी माणसं येतात. इथं ती दाखवणार कुणाला, माडांना?" काका म्हणाले.

दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी निवाड्याला मुरुडहून आत्याला बोलावलं. ती दोघांहून मोठी. तिनं गोधडी मांडीवर घेतली, जरीवरून हात फिरवला आणि हसू लागली.

"ही शिवताना आईला सुईत दोरा मीच ओवून देत होते. जत्रेला नाटकमंडळी आलेली, आपल्या पडवीत उतरलेली. त्यांच्यातल्या राजाचा अंगरखा फाटला, तो ते टाकून गेले. त्याचा हा तुकडा."

"आणि शेला?" वडिलांनी विचारलं.

"माझं लग्न जमत नव्हतं. मुरुडची मंडळी बघायला आली तेव्हा बाबांनी या तुकड्याचा सरदाराचा शेला करून सांगितला. सासरे तिथंच भुलले. मग मी कशाला बोलू?"

मग काकांना एकदम थोरल्या भावाचा मान आठवला.

"दादा, तुझ्याकडेच शोभेल ती."

"छे, मुंबईत थंडी फार. तूच ने," वडील म्हणाले. मुंबईत थंडी असते हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आई स्वयंपाकघरातून आली. तिनं गोधडी उचलली, ओटीवर अंथरली आणि दमून आलेल्या आत्याला म्हणाली, "वन्सं, जरा पाठ टेका."

त्या हिवाळ्यापासून ती आम्हा भावंडांना मिळाली. जरीचा तुकडा गालाला टोचायचा, म्हणून आईनं त्याच्यावर माझ्या जुन्या परकराचं ठिगळ लावलं.