घरी नेऊ नका, सिस्टर

सौदीतल्या बुरैद्याच्या ज्या इस्पितळात मी नर्स होते, तिथले इजिप्तचे भूलतज्ज्ञ कधी कधी नुसत्या बोलण्यानं रुग्णाला शांत करत. डोळे मिटायला सांगायचे, श्वासाकडे लक्ष द्यायला लावायचे आणि हळू आवाजात त्याला एखाद्या आवडत्या जागी घेऊन जायचे. संमोहन म्हटलं की मला जत्रेतला जादूगारच आठवे. सुरुवातीला मी तोंड फिरवून हसतही असे. पण बाळंतीण होणाऱ्या बायका त्यांच्या आवाजावर कळा सोसताना पाहिल्या आणि माझं हसू बंद झालं.

एकदा रत्नागिरीकडचा फरशी बसवणारा मिस्त्री हर्नियासाठी आला. दमेकरी माणूस, पूर्ण भूल धोक्याची. तेवढीच जागा बधिर करायचं ठरलं, पण घाबरला की त्याला धाप लागे. इंग्रजी-अरबीचा गंध नाही. डॉक्टर मला म्हणाले, "आज तू बोल. त्याला सुखाच्या जागी ने."

माझा करार संपत आला होता, मी घरी जायचे दिवस मोजत होते. घरापेक्षा सुखाची जागा कोणती असणार?

"श्वास घ्या, दादा. तुम्ही घरी पोचलात. ओटीवर बसलायत..."

त्यानं खाडकन डोळे उघडले. छाती भात्यासारखी हलू लागली.

"घरी? कफिलानं मला घरी धाडलान काय? नको सिस्टर, घरी नको!"

अंगातला जोर गेला की कफिल, म्हणजे ज्याच्या परवान्यावर राहायचं तो मालक, माणसाला कामगारांच्या कॅम्पातून घरीच पाठवी. तिकडे त्याच्या दोन मुली शाळेत होत्या. कापण्याची त्याला भीती नव्हतीच, भीती घरी नेणाऱ्या विमानाची होती. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"नाही हो दादा, तुम्ही साइटवर आहात," मी म्हटलं. "नवी खोली आहे. फरशीवर लेव्हलची पट्टी ठेवलीत. नळीतला बुडबुडा कुठंय?"

त्यानं पुन्हा डोळे मिटले. म्हणाला, "जरा डावीकडं."

"मग ठोका हळू. आता?"

"आला मधी."

श्वास संथ झाला. सर्जननी काम सुरू केलं. तासभर आम्ही दोघांनी मिळून फरशी बसवली. सिमेंट पातळ केलं म्हणून त्यानं मला झापलंसुद्धा. टाके घालून झाले, मी त्याला जागं करू लागले, तर म्हणाला, "थांबा, दारातली एक राहिली."

तीन महिन्यांनी तो तपासणीला आला. जड उचलायची मनाई होती, पण फोरमननं त्याला इतरांचं काम तपासायला ठेवून घेतलं होतं. खिशातून नवा इकामा, तिथं राहायचा परवाना, काढून त्यानं दाखवला. आनंदाच्या भरात मीही सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात मीसुद्धा घरी चालले, कायमची."

त्याचा चेहरा उतरला. इकामा गुपचूप खिशात घालून तो माझ्याजवळ सरकला आणि अगदी माझ्या त्या दिवशीच्या हळू आवाजात म्हणाला, "घाबरू नका. श्वास घ्या, सिस्टर."