ओरोझालीचं सदतिसावं वरीस

ओरोझालीला पहिल्यांदा बघणारा त्याला साठीचा धरायचा. गालफडं आत गेलेली, पुढचे दात पडलेले, आणि खोकला असा की ऐकणाराच दमून जावा. खरं तर त्याला नुकतंच सदतिसावं लागलं होतं. किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकच्या ओश बाजारामागं, शहराला गरम पाणी नेणारे जाडजूड नळ जमिनीखाली जिथं वळतात, तिथल्या खड्ड्यात तो राहायचा. वर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी आणि नळाला चिकटून पाच माणसांपुरती जागा. त्याच्या शेजारची जागा झूराची. झूरा पन्नाशीची, जिभेनं तिखट. ओरोझाली तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा. दोघं बाजारातले पुठ्ठे गोळा करून विकायची.

तो नारिनच्या डोंगरातला मेंढपाळ. कळप विकला गेला, भाऊ रशियात गेला, बायको माहेरी गेली, आणि हा हातगाडी ओढायला शहरात आला. खोकला लागला तशी गाडी सुटली, गाडी सुटली तशी खोली सुटली. खड्ड्यातल्या कुणाचीच कथा याहून लांब नव्हती.

किरगिझ माणूस बारा-बारा वर्षांचे फेरे मोजतो, आणि नवा फेरा लागतो ते वर्ष घाताचं. तेरावं, पंचविसावं, सदतिसावं. त्या वर्षी अंगावरचं काहीतरी दुसऱ्याला द्यायचं, म्हणजे त्याच्यासंगं घात जातो. ओरोझालीकडं देण्यासारखं एकच होतं, घोटलेल्या लोकरीचे उंच बूट. थंडीच्या तोंडावर त्यानं ते खड्ड्यातल्याच कोल्या नावाच्या रशियनाला देऊन टाकले आणि पायांत रबरी बूट चढवले.

"अक्कल कुठं टाकून आलास रं?" झूरा म्हणाली. "टोपी द्यायची हुती."

"टोपी देऊन काय हुतंय, एजे? दिल्यावर दुखंल तेच द्यायचं, आई म्हनायची."

"दुखंल तर. लई दुखंल."

"म्हंजे लागू पडलं म्हनायचं," तो हसला आणि खोकत बसला.

कोल्यानं आठवड्याच्या आत बूट विकून दारू ढोसली. ओरोझालीनं आपल्या रबरी बुटांत चिंध्या कोंबल्या. दिलेल्या वस्तूची चौकशी करायची नसते.

ऐन थंडीत एकदा मटणवाल्यांच्या मागं बर्फाच्या चिखलात तो दिवसभर पुठ्ठे दाबत उभा राहिला. परतला तेव्हा पाय लाकडासारखे झालेले. तिथंच चूक झाली. डोंगरात असता तर कुणाच्या तरी पोटाशी पाय धरून त्यानं ते हळूहळू जागे केले असते. इथं शेजारी तापलेला नळ. बूट काढून त्यानं उजवं पाऊल नळाला टेकवलं आणि त्याला झोप लागली. बधिर पायाला चटका कुठला कळायला? सकाळी झूराला वास आला. आधी तिला वाटलं, वर कुणीतरी मटण भाजतंय.

पाऊल काळं पडत चाललं, तरी तो चिंध्या गुंडाळून पडून राहिला.

"दवाखान्यात चल."

"न्हाई. परत येईस्तवर जागा जाईल. थंडीत जागा गेली म्हंजे मानूस गेला."

ते काही खोटं नव्हतं. मोकळ्या जागेवर जो पडला त्याला उठवायचं नाही, हा खड्ड्याचा कायदा.

"मी धरते की जागा. दोनी जागंवर म्हशीवानी आडवी पडते. कोन येतंय बघू."

"तेवढी रुंद तू हायसच, एजे," तो म्हणाला, आणि गेला.

पहिल्या दवाखान्यानं वासावरूनच दारातून वाटेला लावलं. दुसऱ्यानं आत घेतलं आणि गुडघ्याखाली पाय कापला. इकडं झूरानं शब्द पाळला. लोक आले, शिव्या घालून गेले. एक बाई तर पायाच पडली. झूरानं तोंड फिरवून घेतलं.

जखम ओली असतानाच त्याला कुबड्या देऊन बाहेर काढलं. तो लंगडत खड्ड्यापाशी आला. झूरानं झाकण सरकवलं, वाफ वर आली, आणि दोघांना एकदमच कळलं. शिडी सरळ उभी, निम्म्या पायऱ्या गंजून गळालेल्या. धडधाकट माणूसच कसाबसा उतरायचा.

"दोरी बांधून सोडतो," कोल्या म्हणाला.

"आन वर कोन काढंल? हगायला रोज काढशील व्हय रं, दारुड्या?"

कोल्यानं झाकण परत लावलं.

ओरोझाली झाकणावरच बसला. भोकांतून वाफ यायची. पण वाफेची ऊब फसवी. ती कपडे भिजवते, आणि वारा सुटला की तेच कपडे पत्र्यासारखे कडक होतात. झूरानं आपली गोधडी त्याला दिली, बाटलीत चहा आणून पाजला, रात्रभर पाठीला पाठ लावून बसली. दुसऱ्या सांजेला तिलाच ताप भरला.

"खाली जा, एजे. एवढी धरलीस जागा, कुनीतरी झोपा की तिथं."

ती गेली. पडल्या पडल्या तिला झोप लागली.

सकाळी झूराला खालून झाकण वर ढकलता येईना. ओरोझाली त्याच्यावर आडवा झाला होता.

कोल्यानं खालून खांदा लावला तेव्हा ते सरकलं. दुपारी मुडदे नेणारी गाडी आली.

"साठीचा असंल न्हाई म्हातारा?" गाडीवाल्यांतल्या एकानं विचारलं.

"सदतीस," झूरा म्हणाली.

गाडीवाला हसला. "आन तू कोन, बायको?"

"शेजारीन."

त्यांनी त्याला उचलून गाडीत टाकलं.

किरगिझांत मयत झालं की घरची बाई भिंतीकडं तोंड करून बसते आणि रडगाणं गाते. त्यात मेलेल्याच्या बापाचं नाव येतं, आजाचं येतं, त्याच्या घोड्याचं येतं. झूरा खाली उतरली, भिंतीकडं तोंड करून बसली आणि तिनं सूर काढला. पण ओरोझालीच्या बापाचं नाव तिनं कधी विचारलंच नव्हतं. ती नुसत्या सुरातच रडत राहिली.