गाऊन वर करा

“गाऊन वर करा,” सर्जन म्हणाले.

समोर दहा-बारा विद्यार्थी. मी गाऊन वर केला. दोन वर्षांपूर्वी याच माणसानं माझ्या जठराला स्टेपल मारून ते अंड्याएवढं केलं होतं. वजन उतरलं, कातडं लोंबत राहिलं. त्यांनी ते चिमटीत धरून पोरांना दाखवलं. फळ्यावर माझा ऑपरेशनच्या आधीचा फोटो. त्यातही मी अर्धी उघडीच.

ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा मी हसले होते. त्यांनी मला बारीक केलं, मग एवढं तरी करायला नको?

एका विद्यार्थिनीनं विचारलं, “ही काय खाते?”

मला नाही, त्यांना विचारलं.

“सगळं. थोडं थोडं,” ते म्हणाले.

खोटं. चार घास झाले की मी ओकते. माझी आई गावात लोकांच्या दारात उभी राहून शिळं मागून आणायची. आमच्या घरी ताटात एक शीत टाकायची सोय नव्हती. इथं विलायतेत, इल्फर्डच्या घरी मी अजून ताट पुसून खाते, आणि मग टॉयलेटकडे धावते. अन्न वाया गेलं म्हणून आईच्या आठवणीनं लाज वाटते. बसमध्ये अजून अंग चोरून, तिरकी होऊन शिरते. आरशात जुनीच बाई दिसते. कित्येक दिवस पडदेसुद्धा उघडत नाही.

मी म्हणाले, “मी ओकते, डॉक्टर. आणि मला जगावंसं वाटत नाही.”

ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. विद्यार्थ्यांना म्हणाले, “या बायका जरा रडतात. रिझल्ट बघा.”

तेव्हा मला आई आठवली. शिळी भाकर वरून पदरात टाकली की ती मान खाली घालून म्हणायची, “लई उपकार झाले, मालक.” मी सातासमुद्रापार येऊन “थँक यू, डॉक्टर” म्हणत होते. संताप आला. त्यांचा आला, त्याहून जास्त माझा आला.

मी गाऊन खाली सोडला. फळ्यावरचा फोटो ओढून काढला.

“तो हॉस्पिटलचा आहे,” ते म्हणाले.

“बाई माझी आहे,” मी म्हणाले, आणि बाहेर पडले.

उलट्या थांबल्या नाहीत. फोटोतल्या बाईकडेही बघवत नाही. बरं वाटेल ही आशा मी सोडली आहे. पण पुढच्या खेपेचं क्लिनिकचं पत्र आलं, तेव्हा त्याच्याच पाठीवर लिहून परत पाठवलं: तपासायला बोलवा, येईन. दाखवायला उभी राहणार नाही.