आल्तारच्या बोर्डावरचं घड्याळ

वसईतल्या गास गावच्या प्लासिडने जवळच्याच वालीवच्या कारखान्यात जन्मभर लेथ मशीन चालवलं. मशीन अडलं की आधी तेल, मग हातोडा आणि शेवटी शिवी, या क्रमावर त्याचा बायबलइतकाच विश्वास. निवृत्तीनंतर तो केळीच्या वाडीत रमला आणि बायको रोझमेरी गेल्यावरही घर सोडायचं त्याने नाव काढलं नाही. अशा माणसाच्या मनगटावर जावयाने आपलं जुनं स्मार्टवॉच बांधलं. त्याला तेल चालेना, हातोडा मारता येईना. उरली फक्त शिवी.

घड्याळ आलं ते विहिरीमुळे. शेवाळावरून घसरून प्लासिड काठावर आपटला, तेव्हा विरारला राहणाऱ्या मुलीने, जीनाने, फर्मान काढलं. घड्याळ बांधा, म्हणजे तुमच्या हृदयाचे ठोके मला फोनवर दिसतील. नाहीतर आमच्याकडे राहायला या. तिचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. प्लासिड तिथे एकदा राहून आला होता. खिडकीतून बघावं तर कावळे आपल्या खाली उडतात, हे त्याला अजिबात पटलं नव्हतं. त्याने मुकाट मनगट पुढे केलं.

बरेच महिने सुरळीत गेले. मग प्लासिडच्या फोनने कुणालाही न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं आणि जुन्या घड्याळाला ओळखच दाखवेना. आधी तेही अपडेट करा, मगच बोलू, असा त्याचा तोरा. लगेच जीनाचा फोन.

"डॅडी, तुमचे ठोके दिसत नाहीत."

"मला लागतायत की."

"चेष्टा नको. रविवारपर्यंत घड्याळ चालू झालं नाही तर बॅग भरून ठेवा. मी न्यायला येते."

प्लासिड चष्मा पुसून कामाला बसला. घड्याळ म्हणे, बॅटरी भरा. भरली, तर म्हणे जागा नाही. जावई फ्लॉईडची व्यायामाची गाणी आत तुंबली होती, ती एकेक करून उपसली. मग अटींचं लांबलचक पुराण आणि त्याखाली मुंगीएवढं 'सहमत'. त्यावर अंगठा दाबावा तर केळीच्या चिकाने काळा पडलेला तो अंगठा घड्याळाला अंगठाच वाटेना. शेवटी प्लासिडने नाकाने सहमती दिली. घड्याळ म्हणालं, एक तास शिल्लक. थोड्या वेळाने म्हणालं, तीन तास शिल्लक. कारखान्यात कुणी असा हिशेब दिला असता तर सुपरवायझरने त्याला गेटबाहेर काढला असता.

वर ताकीद होतीच, चार्जर काढू नका. घरात भरवशाचा बोर्ड एकच, प्रार्थनेच्या कोपऱ्यातल्या आल्तारजवळचा. पवित्र हृदयाच्या तसबिरीखालचा लाल दिवा तिथेच लागायचा. प्लासिडने त्याच्या शेजारी घड्याळ लावलं; बटण दोघांना एकच.

दिवेलागणीला थोरली बहीण व्हेरोनिका समोरच्या घरातून रोझरीला आली. ती रोजच यायची. प्रार्थना म्हणताना प्लासिडचा एक डोळा मरियामातेवर आणि दुसरा घड्याळातल्या वर्तुळावर. रोझरीच्या शेवटी येणाऱ्या लितानीपर्यंत वर्तुळ जवळजवळ पूर्ण झालं. त्याने इतक्या भक्तिभावाने 'आमेन' गेल्या कित्येक वर्षांत म्हटलं नव्हतं. व्हेरोनिका उठली, तिने क्रूसाची खूण केली आणि रोजच्या सवयीने बोर्डाचं बटण बंद केलं.

"फुकट वीज कशाला जाळायची," ती म्हणाली.

घड्याळ एकदा थरथरलं आणि काळं पडलं. प्लासिडने बटण पुन्हा लावलं, घड्याळ चोळलं, हलवलं, शेवटी त्यावर लूर्दच्या तीर्थक्षेत्राहून आणलेलं पवित्र पाणीही शिंपडलं. काही उपयोग नाही. "बाय, तू मला विरारला धाडलंस," तो एवढंच म्हणाला. त्याला खरंच रडू येत होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून जीना आणि फ्लॉईड आले. बॅग दाराशी तयार होती. जीना आधी घड्याळावर चिडली, मग बापावर. मग तिने कपाट आवरलं, आत्याने आणलेलं बोंबलाचं कालवण दोनदा वाढून घेतलं आणि आईच्या खाटेवर गाढ झोपली. प्लासिड खुर्ची ओढून तिच्याकडे बघत बसला. ईस्टरनंतर ती आज आली होती. ठोके वेळेवर पोचत होते, मग यायचं कशाला?

उठल्यावर तिने बॅगेचा विषय काढला, तेव्हा व्हेरोनिकाने तिला झापलं. "सकाळी याची खिडकी उघडली नाही तर मी लाटणं घेऊन येते. मी काय मेलेय?"

जीना वरमली. "ठीक आहे. पण घड्याळ नीट होईपर्यंत मी दर रविवारी येऊन बघणार."

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या फ्लॉईडने दोन बटणं एकदम दाबून धरली आणि घड्याळ जिवंत झालं. "डॅडी, अपडेट मी पुन्हा सुरू करून दिलंय. उद्यापर्यंत चार्जिंगला राहू द्या, मग काळजी नाही."

जीनाचा जीव भांड्यात पडला. दोघं विरारला गेली. बॅग आत गेली. प्लासिडने घड्याळ आल्तारच्या बोर्डावर नीट लावलं.

त्या दिवशीची रोझरी संपली. या वेळी व्हेरोनिकाने बटणाला हात लावला नाही. ती चप्पल घालून दाराशी थांबली.

"दिवा राहू दे रे," ती म्हणाली. "तुझं घड्याळ चालू आहे."

प्लासिडने तसबिरीकडे पाहिलं, क्रूसाची खूण केली आणि बटण बंद केलं.

"फुकट वीज कशाला जाळायची," तो म्हणाला. "रविवारी बोंबील जास्त आण."