वळणावरचा डूख

“मी इसरत नसतो, राव,” असं म्हणून तो मिशीवरून अंगठा फिरवायचा. की समजायचं, आणखी एका माणसाचं आता काही खरं नाही.

डूख धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण याची चिकाटी काही औरच होती. चिंचवड गावठाणातल्या एका न्हाव्याने एकदा त्याची मिशी एका बाजूने आखूड केली. हा भांडला नाही. दर वेळी दुसऱ्या न्हाव्याकडे मिशी कोरून घ्यायची आणि मग पहिल्याच्या दुकानासमोरून, काचेतून आत बघत, सावकाश चालत जायचं, हे त्याने वर्षानुवर्षं चालवलं. कंपनीच्या कँटीनमध्ये एका वाढप्याने मुद्दाम पातळ आमटी वाढली असा त्याला संशय होता. तो वाढपी नोकरी सोडून गावी गेला, तरी हा आमटीला हात लावत नव्हता.

आम्ही चाकणच्या एका कंपनीत एकाच असेंब्ली लाइनवर होतो. तो लातूरकडचा, माझ्यापेक्षा वयाने थोडा मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. दोघांनाही मातीतल्या मोटरसायकलींचं वेड. चाकणच्या पुढे एका जागामालकाने माळावर जेसीबी फिरवून उड्या आणि वळणं केली होती. रविवारी आम्ही जुन्या गाड्यांना मातीत पकड घेणारे बटण टायर लावून तिथे धूळ खायला जायचो. बायका आम्हाला काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या माळावर एक शर्यत झाली आणि त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डूख जन्माला आला.

आता थोडं ब्रेकविषयी सांगायला हवं. चाकण चौकातल्या गर्दीत गाडी शिकलेल्या आमच्यासारख्यांचा पुढच्या ब्रेकवर काडीचा विश्वास नसतो. पुढचा दाबला की माणूस तोंडावर, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून सगळा जोर मागच्या ब्रेकवर. मातीत मागचं चाक नुसतं जाम होऊन घसरतं, वेग काही उतरत नाही, आणि गाडी वळणात भलतीच बाहेर जाते. त्या दिवशी भाऊची अशीच गेली. आतल्या बाजूला पडलेल्या फटीत वाकडचा एक तरुण घुसला. पोपटी जर्सी, पिकअपमधून आणलेली महागडी गाडी. त्याला आजूबाजूला भरपूर जागा होती. तरी त्याने आपलं मागचं चाक मुद्दाम भाऊच्या पुढच्या चाकावर घातलं. मी वळणावरच उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भाऊ पडला, खांद्याचं हाड मोडलं.

शर्यत संपल्यावर तो हिरव्या जर्सीवाला आमच्याजवळ आला. माफी मागेल असं मला वाटलं. हेल्मेट काढून तो म्हणाला, “काका, रस्त्यावरच चालवा ना. इथं कशाला येता?”

सगळे हसले. भाऊच्या चांगल्या हाताचा अंगठा तेवढा मिशीकडे गेला.

हाड जुळल्यावर पहिल्याच रविवारी त्याने मागच्या ब्रेकची सळी काढली आणि डब्याच्या पिशवीत टाकली. “आता फुडच्याशिवाय विलाजच न्हाई,” म्हणाला. मग तो इतक्या वेळा पडला की माळावरची गुरं सांभाळणारे मामा त्याला दर रविवारी कुठे कुठे लागलं ते विचारायचे. पण हळूहळू त्याला हात सापडला. उभं राहून, कंबर मागे ढकलून, गाडी सरळ असतानाच ब्रेकचं काम उरकायचं. वळण आलं की ब्रेक सोडून पुढे टाकीला चिकटून बसायचं, आतला पाय सोडायचा, बाहेरचं कोपर वर, आणि नजर बाहेर पडायच्या वाटेवर. “झटका न्हाई द्यायचा, राव. लिंबू पिळल्यागत दाबायचा,” हे तो मला लाइनवर पाना हातात धरूनसुद्धा सांगायचा.

पुढच्या ब्रेकची भीती गेल्यावर सळी परत लागली. मग त्याने चिंचवडच्या बाजारातून माझ्या मापाचा एक पोपटी टी-शर्ट आणला. “घाल. तू आता हिरवा.”

त्या टी-शर्टात मी काय सोसलं ते मलाच ठाऊक. एरवी मला अर्धी चपाती तोडून देणारा हा माणूस, मी तो अंगात घातला की माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की पाणी मागायची हिंमत व्हायची नाही. त्याने त्या पोराची एक खोड हेरली होती. तो आतून घुसतो, पण वेग जास्त असल्यामुळे बाहेर येताना फाकतो, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेला जातो. तेव्हा त्याला घुसू द्यायचं, आपण जरा आधी ब्रेक मारायचा, उशिरा वळायचं, आणि तो फाकला की त्याच्या आतून निघून जायचं. दर रविवारी मी घुसायचो, फाकायचो, आणि तो शिव्या देत माझ्या आतून निघून जायचा. शिव्या हिरव्याला होत्या, पण पडत माझ्या कानात होत्या.

पुढच्या शर्यतीत त्याने हिरव्याला त्याच वळणावर असाच मागे टाकला. मी उड्या मारत होतो. शर्यतीनंतर हिरवा हसत आला. “काका, भारी मारलंत! पहिल्यांदाच आलात का?”

भाऊचा चेहरा उतरला. परतताना चहाच्या टपरीवर म्हणाला, “हाड मोडलं माझं. आन् त्याला म्या ठाऊकच न्हाई, राव.”

“मग ठाऊक करून देऊ,” मी म्हणालो. त्या दिवसापासून तो डूख माझाही झाला. मलाही त्या पोराची झोप उडवायची होती.

त्यानंतर प्रत्येक शर्यतीत तेच. पहिला नंबर गेला खड्ड्यात. एकदा तर भाऊ पुढे होता, सरळ जिंकला असता. त्याने सपाटीवर मुद्दाम वेग कमी केला, हिरव्याला पुढे जाऊ दिलं, आणि त्या वळणावर त्याला पुन्हा गाठलं. लोक म्हणाले, काका खुळे आहेत. पण हिरव्याला आता ते वळण आलं की मागे बघायची सवय लागली होती. आम्हाला तेच हवं होतं.

शेवटच्या शर्यतीत हिरव्याने ऐन वळणात मान मागे वळवली, घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबला, आणि चाक दुमडून तो मातीत गेला. भाऊ हातभर अंतरावरून गेला, त्याला धक्काही लागला नाही. पुढे जाऊन थांबला, गॉगल वर केला, त्याला आपला चेहरा नीट बघू दिला आणि मग निघाला. खोटं कशाला बोलू, मी टाळ्या वाजवल्या. आजही आठवलं की बरं वाटतं.

हिरवा लंगडत गाडी पिकअपमध्ये चढवून गेला तो परत आला नाही. भाऊने लाइनवर पेढे वाटले.

आणि मग त्याचं मन उडालं. मी टी-शर्ट घालून घुसायचो, हा मागून रमतगमत यायचा. शिव्यासुद्धा देईना. एका रविवारी त्याने बूटच घातले नाहीत. मातीच्या ढिगावर बसून म्हणाला, “आता कुणाला गाठायचंय, राव?” पुढे त्याने नोकरी सोडली आणि लातूरकडे गेला. फोनवर म्हशीबद्दल बोलतो. गाडीचं विचारलं तर म्हणाला, “इकली की.” मला त्याचा राग आला, आणि त्याची इतकी आठवण आली की फोन ठेवल्यावर मी जेवलो नाही.

परवा मेहुण्याच्या नव्या फ्लॅटच्या पूजेला वाकडला गेलो होतो. पार्किंगमध्ये एक जण सायकल पुसत होता. हिरवाच. त्याने मला ओळखलं, हातातलं फडकं थांबलं. इकडचं तिकडचं बोललो. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, “ते काका येतात का अजून तिथं?”

“येतात की,” मी म्हणालो. “दर रविवारी. तुमचीच वाट बघतात.”