रबर बदलण्याचा ठराव

नियमाला भिणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण आमच्या गावच्या दूध संस्थेच्या सचिवांइतका निर्भयपणे नियमाला भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चौसाळ्यापासून कोसभर आत असलेल्या त्या गावात मी शाळामास्तर होतो आणि ते माझे शेजारी. घरातसुद्धा ते सहकाराच्या कायद्याप्रमाणेच राहत. संध्याकाळी भाजी कोणती करायची हा विषय ते रीतसर मांडत, वहिनी चुलीपुढूनच अनुमोदन देत, मग "विरोध?" असं विचारून सचिव क्षणभर आढ्याकडे पाहत आणि ठराव सर्वानुमते मंजूर होई. एकदा वहिनींनी दोडक्याला खरोखरच विरोध नोंदवला. सचिवांनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला आणि दोघं चटणी-भाकरी खाऊन झोपले. याबद्दल त्यांच्या मनात कुणाविषयी किंतु राहिला नाही. "लोकशाही हाय गुरुजी, कधीमधी अर्धपोटी ठेवती," एवढंच म्हणाले.

संस्थेच्या भरभराटीच्या काळात घेतलेली एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल त्यांच्या ताब्यात होती. तिच्या टाकीवर पांढऱ्या रंगात 'फक्त संस्थेच्या कामासाठी' असं लिहिलेलं होतं, आणि ते वाक्य गावात एकट्या सचिवांनीच वाचलं होतं असं म्हणायला हरकत नाही. एकदा त्यांचे मेव्हणे चौसाळ्याच्या फाट्यावर एस. टी.तून उतरले आणि गावाकडे पायी निघाले. सचिव त्याच वेळी रिकामे कॅन घेऊन परत येत होते. त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून नमस्कार केला, घरच्या सगळ्यांची चौकशी केली आणि म्हणाले, "गाडी संस्थेची हाय, पाव्हणं. तुमी या दमानं. मी पुढं जाऊन चहा टाकायला सांगतो." मेव्हणे कोसभर चालत आले आणि ती गोष्ट पुढं जन्मभर सांगत राहिले. सचिवांना मात्र ती सांगण्यासारखी वाटत नसे, कारण त्यात त्यांच्या मते घडलं काहीच नव्हतं.

मग दुष्काळाचं साल आलं. माजलगावच्या धरणात तळाची भेगाळलेली माती दिसू लागली. दिवाळी झाल्यावर निम्मं गाव ऊसतोडीला निघून गेलं आणि मागे म्हातारी माणसं, दारात एक-दोन गाई आणि आम्ही पगारी लोक एवढेच राहिलो. दूध एवढं आटलं की तालुक्याच्या दूध संघाचा टेम्पो आमच्या वाटेला येईनासा झाला. मागोमाग संघाचं पत्र आलं : सलग आठ दिवस शीतकरण केंद्रावर दूध आलं नाही, तर संस्थेचं संकलन 'तात्पुरतं' बंद समजण्यात येईल. शेजारच्या दोन गावच्या संस्था अशाच तात्पुरत्या बंद झाल्या होत्या. एकीत आता कांदा भरला होता आणि दुसरीत पत्ते चालत. आमची बंद पडली असती, तर तोडीहून परतलेल्या माणसांनी पाऊसपाण्यानंतर दूध घालायचं कुठं, हा प्रश्न होता. म्हणून सचिव रोज सकाळी असेल नसेल तेवढं दूध कॅनमध्ये घालून मोटारसायकलवरून केंद्रावर पोचवत. कॅनमधलं दूध डचमळताना त्याचा आवाज रोज थोडा पोकळ होत होता.

गाडीनंही त्याच सुमारास मान टाकायला सुरुवात केली. सचिवांनी ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन आपल्या मनानं किंचाळत राही. उतारावरून ते सुसाट येताना दिसले की पारावरची म्हातारी माणसं ओरडत, "सचिव, कावून एवढी घाई बे? सासुरवाडीला निघाला का?" आणि सचिव जाताजाता ओरडून खुलासा करत, "मी न्हाई, गाडी!" शेवटी एका सकाळी ती नदीच्या कोरड्या पात्रात तापून बंद पडली. तोपर्यंत ऊन चढलं होतं. दूध फाटलं. त्या दिवशी सचिव ज्या सात घरांचं दूध होतं त्या सातही घरी गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून, "आजचं दूध माझ्याकडून नासलं," असं सांगून आले.

चौसाळ्याच्या उस्तादांनी, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं, दुसऱ्या दिवशी थंड झालेलं इंजिन सुरू केलं आणि कार्बोरेटरच्या रबरावर पिचकारीनं थोडं पेट्रोल सोडलं. लगेच इंजिनाचा आवाज बदलला. "सुना क्या, सचिवसाब? हवा खातीय गाडी," उस्ताद म्हणाले. "कार्बोरेटरच्या दोन्ही बाजूचे रबर तडकले. आतले ऑइल सीलबी गेले. पेट्रोल कम, हवा ज्यादा. तापणार नाही तर काय करणार बिचारी?" रबराभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि सुतळी गुंडाळलेली होती. ती बोटानं उचकत त्यांनी विचारलं, "ये तात्पुरतं काम किती साल चालवलं?"

"ठराव होईपर्यंत," सचिव गंभीरपणे म्हणाले.

आणि इथंच घोडं अडलं. संस्थेच्या गाडीचं सामान बदलायला संचालक मंडळाचा ठराव पाहिजे, सभेला पाच संचालक पाहिजेत, आणि नऊपैकी सहा संचालक, खुद्द चेअरमन धरून, कृष्णाकाठी एकाच फडावर ऊस तोडत होते. मी म्हणालो, "आत्ता बदलून घ्या, सह्या ते आल्यावर घ्या." सचिवांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "गुरुजी, तुमी शाळेत हजेरी अशी मांडता का?" मग पदरचं घाला म्हटलं, तर म्हणाले, "मी रबर घातलं की गाडी चालू होईल, पण संस्था माझी होईल. मग गावाची कोणती ऱ्हायली?" एस. टी.नं केंद्रावर पोचेपर्यंत दूध फाटलं असतं. गावात दुसरी मोटारसायकल होती ती सरपंचांची, आणि ते दुष्काळाची पाहणी करत फिरत असल्यामुळे ती दुष्काळात कधी आढळत नसे. शाळेतली पोरंही आईबापांबरोबर तोडीवर गेली होती, म्हणून रजा टाकून मी सचिवांच्या सोबतीला निघालो. निघण्यापूर्वी ते सहाही संचालकांच्या घरी जाऊन आले. आठातले दोन दिवस संपले होते.

तीन एस. टी. बदलून आम्ही फडावर पोचलो. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा मी पाहिलेल्या आहेत. मांडव, हार, तुतारी, आणि विषय वाचायच्या आत उठणारा 'मंजूर, मंजूर'चा गजर. आमच्या दूध संस्थेची ही सभा पाचटावर बसून झाली. चेअरमननी कोयता बाजूला ठेवला, डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि ते अध्यक्षस्थानी आले. तेवढ्यात मुकादम धावत आला. "मीटिंग कसली बे? गाडी भरायची हाय!"

"निरीक्षक म्हणून बसायचं आसंल तर बसा," सचिव म्हणाले, "मतदानाचा अधिकार न्हाई." मुकादम इतका गोंधळला की खरोखरच बसला.

मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं. मग रबर आणि ऑइल सील बदलण्याचा विषय आला, आणि त्यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. एक म्हातारे संचालक जुनंच रबर उलटं बसवून पाहावं या मताचे होते. एका बाई संचालकांनी, "सील म्हंजी काय ते आधी सांगा, मग अंगठा मागा," असं बजावलं. सचिवांनी उसाच्या कांड्याला चिंधी गुंडाळून, कांडं फिरवून ते समजावून दिलं. तेव्हा कुठं ठराव मंजूर झाला आणि सह्या-अंगठे पडले.

उरले 'ऐनवेळचे विषय'. त्याखाली एकेकजण घरची विचारपूस करू लागला, आणि सचिव सगळं सांगून लगेच लिहूनही घेत होते. अमक्यांच्या आईचा खोकला कमी. तमक्यांच्या वासराची खोडी, दावं तोडणं, अद्याप चालू. शेवटी चेअरमननी विचारलं, "आन् माझी गाय?"

गाडी बंद पडण्याच्या आदल्याच दिवशी चेअरमनची गाय मेली होती. ती ओढून नेताना आम्ही दोघांनी पाहिली होती.

"बरी हाय," सचिव म्हणाले. "चारा खाती."

चेअरमन हसले, कोयता उचलून सऱ्यांत शिरले. सचिवांनी पेनाला टोपण लावलं. परतीच्या तिन्ही एस. टी.त ते इतिवृत्ताचं पुस्तक मांडीवर घेऊन बसून होते.

बीडहून सामान यायला एक दिवस गेला. सातव्या दिवशी उस्तादांनी सुतळी कापून काढली, दोन्ही नवी रबरं बसवली, सील बदलले, आणि पुन्हा पेट्रोल सोडून पाहिलं. आवाज तसूभर बदलला नाही, गाडीचं हवा खाणं थांबलं होतं. आठव्या दिवशी सकाळी सचिवांनी केंद्रावर चार लिटर दूध पोचवलं. तिथला कारकून कॅनमध्ये वाकून म्हणाला, "एवढंच? सचिव, ह्याचा चहा करून पिला आसता तरी चाललं आसतं." सचिवांनी पावती मागितली, ती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. संस्था राहिली.

चैत्र सरता सरता तोडीची माणसं परतली. सकाळची वेळ होती. संस्थेच्या दारात गाडी सुरू करून सचिव केंद्रावर निघण्याच्या बेतात होते. ट्रक थांबला, आणि चेअरमन बोचकी तशीच टाकून आधी गोठ्याकडे गेले. थोड्या वेळानं ते संस्थेच्या दारात येऊन उभे राहिले. मागोमाग बाकीचे संचालकही आले.

"खोटं बोललात, सचिव."

"बोललो," सचिव म्हणाले. "लिव्हलं न्हाई."

मग चेअरमन खाली मान घालून म्हणाले, "मग आता तरी लिवा."

"त्या सभेत न्हाई लिवता येत. नवी सभा धरावी लागंल." सचिवांनी सहाही माणसं मोजली आणि पुस्तक उघडलं. मंत्री-पुढारी गेले की दुखवट्याचे ठराव होतात, ते मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यातली भाषा इतकी सारखी असते की नाव तेवढं बदलावं लागतं. सचिवांनी फक्त एक ओळ लिहिली : अध्यक्षांची गाय दुष्काळात गेली, सभेला दुःख आहे. ती वाचून दाखवली आणि म्हणाले, "उभं ऱ्हावा."

सगळे उभे राहिले. प्रवासानं आंबलेली, उसाच्या पात्यांनी हात कापलेली माणसं. मीही उभा राहिलो. चेअरमनचे डोळे मिटलेले होते. बाहेर मोटारसायकल चालूच राहिली होती. संस्थेचं पेट्रोल असं जळणं सचिवांनी पूर्वी कधी खपवून घेतलं नव्हतं, पण त्या दोन मिनिटांत ते ती बंद करायला गेले नाहीत. इंजिन मंद, एका लयीत चाललं होतं. त्या पेट्रोलबद्दल त्यांनी नंतर काही लिहिलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.