ठोकळ्याच्या पोटातली अनुजा

नायगावच्या शाळेतल्या बालवाडीत अनुजा तोडणकर वर्गाच्या मध्यभागी उभी राहिली, की बाई कुठल्या आणि मुलं कुठली हे दारातून पटकन कळत नसे. तिची उंची पाच फुटांच्या बरीच खाली थांबली होती. तिने ते मनाला लावून घेतलं नव्हतं. लावून घेतलं असतं तर नाटकात टिकलीच नसती. लालबागच्या ज्या हौशी मंडळात ती लग्नाआधीपासून कामं करायची, तिथे तिशीपर्यंत तिला बंड्या आणि चिंगीच्या भूमिका मिळाल्या, आणि तिशी उलटताच एकदम कुबड काढलेल्या म्हाताऱ्यांच्या. "मी शाळेतून डायरेक्ट पेन्शनीत गेले," असं ती हसत सांगायची. तिचा नवरा हितेंद्र त्याच मंडळात लाइट लावायचा. तिथेच त्यांचं जमलं होतं. दिवसा तो शिवडीला एका गोदामात सुपरवायझर होता.

त्या गोदामाच्या मागची रिकामी शेड एका वेबमालिकेवाल्यांनी भाड्याने घेतली आणि सगळं सुरू झालं. मालिकेचं नाव 'दूरवस्ती'. शंभरेक वर्षांनी मुंबईची काही माणसं चंद्रावर राहायला गेली आहेत, अशी गोष्ट. दिग्दर्शक विहंग धैर्यवान हा फणसवाडीतला. घरात आजोबांपासून सगळे सॉलिसिटर, आणि हा एकटाच लहानपणापासून पुठ्ठ्याची यानं करत बसायचा. आता पस्तिशीत त्याला खरोखरचं यान उभं करायला मिळालं होतं. शेडमध्ये त्याने अख्खी वस्ती बांधली, बोगदे बांधले आणि वस्तीवर राबणारा एक यंत्रमानव बनवून घेतला. चौकोनी धड, चौकोनी डोकं, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या काचा, हाताला तीन जाड बोटं. कागदावर त्याचं नाव 'सहायक-सात' होतं. युनिटमधल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं : ठोकळ्या.

दुसऱ्याच दिवशी ठोकळ्याच्या पोटातून धूर निघाला. शेजारून हितेंद्र आग विझवायचं नळकांडं घेऊन धावला. आग विझली, पण आतल्या मोटारींचा कोळसा झाला. उरलं नुसतं रिकामं खोकं.

विहंग डोक्याला हात लावून बसला. "आत माणूस घालून चालवता येईल. पण बसणार कोण? एवढंसं माणूस आणू कुठून? लहान मुलाला घालणं शक्य नाही."

हितेंद्रने खोक्याला एक चक्कर मारली, हाताने माप घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आमच्या घरी आहे."

संध्याकाळी त्याने हे घरी सांगितलं तेव्हा अनुजा लसूण सोलत होती.

"अहो, बायकोला डब्यात घालायला निघालात?"

"अगं, चंद्रावरचा डबा आहे. आणि बालवाडीला सुट्टीच आहे ना?"

कॉटवरून सासूबाई, शांता तोडणकर, काळजीने म्हणाल्या, "गो अनुजा, त्या डब्यात तुझो जीव गुदमरतलो नाय मा?"

"बघून तर येते," अनुजा म्हणाली. ती आधीच हसायला लागली होती. नाटक बंद होऊन चार वर्षं झाली होती. मंडळाची तालमीची जागा पाडून तिथे टॉवर उठत होता, आणि सगळे पांगले होते.

पहिलाच प्रसंग मोठा होता. वस्तीच्या प्रमुखाचं काम करणारी क्षितिजा, म्हणजे मालिकेची नायिका, तिला पृथ्वीवरून निरोप येतो की तुझे वडील गेले. ती टेबलाशी बसून राहते. संहितेत पुढे एवढंच होतं : ठोकळ्या चहा ठेवतो आणि जातो.

अनुजा आत शिरली. काचांमधून समोरचं जेमतेम वीतभर दिसत होतं, आणि स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. ती चालत गेली, टेबलावर कप ठेवला. मग तीन जाड बोटांनी हळूच कप फिरवला आणि त्याचा कान क्षितिजाच्या हाताच्या बाजूला आणला. निघण्यासाठी वळली, पण लगेच गेली नाही. पाठमोरी क्षणभर थांबली. मग गेली.

क्षितिजाने न बघता हात पुढे केला. बोटं कपाच्या कानात बरोबर गेली, आणि इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे एकदम वाहायला लागले.

विहंगला "कट" म्हणायचं सुचलं नाही. शेवटी कॅमेरामननेच आपल्या मनाने कॅमेरा थांबवला.

डोकं उतरवून घामाघूम अनुजा बाहेर आली. "चुकलं का काही? परत करू?"

"ताई, कान का फिरवलात?"

"तिला कुठे कप दिसणारे त्या वेळी? हात नेला की लागायला हवा."

"आणि थांबलात?"

"लगेच कसं निघायचं? घरात असं झालंय."

 विहंगने संहिता उघडली आणि पुढच्या प्रसंगांत ठोकळ्याची कामं वाढवायला घेतली.

पुढे मग अनुजाला नादच लागला. बोगद्यातून समोरून कोणी आलं, की ठोकळ्या भिंतीला चिकटून आडवा व्हायचा. चाळीच्या गॅलरीत कोणी बादली घेऊन येताना दिसलं की आपण होतो, तसा. खरं तर तो चौकोनी असल्यामुळे आडवा होऊन जागा काडीचीही वाढत नव्हती. तरीही तो व्हायचा, आणि बघणाऱ्याला हसू फुटायचं. कोणी त्याला रागावलं, की मान तशीच ठेवून तो फक्त बोटं मिटायचा. कौतुक झालं की पुढचं पाऊल किंचित लवकर पडायचं. बस्स. यापेक्षा जास्त काही नाही. "जास्त केलं की बोंबललं," ती हितेंद्रला सांगायची, "आधीच एवढं मोठं डोकं आहे त्याचं."

'दूरवस्ती' आली आणि गाजली. लोक भांडणं विसरून ठोकळ्याबद्दल बोलायला लागले. कोणी त्याच्या थांबण्याचे, वळण्याचे तुकडे कापून एकमेकांना पाठवत होते. आत माणूस आहे की मशीन, यावर पैजा लागत होत्या. मालिकावाल्यांना ही गंमत टिकवायची होती, म्हणून श्रेयनामावलीत ठोकळ्यासमोर कोणाचंच नाव नव्हतं, आणि अनुजाने कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

शाळेत मधल्या सुट्टीत तिची सहकारी मनवा फोन नाचवत म्हणाली, "अनुजा, हा भाग बघितलास? ती रडतेय आणि तो दिवा थोडा कमी करून जातो. मशीन आहे गं, तरी माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळतं त्याला."

"हो का?" अनुजा म्हणाली आणि डब्यातली भेंडी पुढे सरकवली. हसू दिसू नये म्हणून तिने मोठा घास तोंडात कोंबला.

दुसऱ्या पर्वाला पैसा आला. पैशाबरोबर नवा ठोकळ्याही आला, कुठल्याशा मोठ्या कंपनीने बनवलेला, सगळा मोटारींवर चालणारा. अनुजाने केलेल्या सगळ्या हालचाली त्यांनी मोजून त्याच्यात भरल्या होत्या. विहंगने फोन केला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला, मग कसंबसं सांगितलं.

"छान झालं की," अनुजा म्हणाली, "त्याला घाम तरी येणार नाही."

फोन ठेवला आणि तिने तांदूळ धुतले. थोड्या वेळाने तेच तांदूळ पुन्हा धुतले. हितेंद्र बघत होता. तो जवळ येऊन कांदा चिरायला बसला. डोळ्यांतून पाणी यायला दोघांनाही कारण मिळालं.

इकडे शेडमध्ये नव्या ठोकळ्याचा पहिला प्रसंग लागला. तो आला, कप ठेवला, कान फिरवला, थांबला, गेला. सगळं जसंच्या तसं. विहंगने पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. मग क्षितिजा खुर्ची बदलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली. ठोकळ्याने कान पहिल्याच बाजूला फिरवला, जिथे आता कोणी नव्हतं.

"विहंग," क्षितिजा म्हणाली, "हा मला बघतच नाहीये रे."

 युनिटमधल्या सगळ्यांना सकाळपासून नुसतं चुकल्यासारखं वाटत होतं. काय चुकतंय ते आता कळलं.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटायच्या वेळी विहंग दारात उभा. पोरं त्याच्या पायांमधून बाहेर पळाली. अनुजाने त्याला बसायला सांगितलं, पण वर्गात मोठी खुर्चीच नव्हती. छोट्या लाल खुर्चीवर तो गुडघे हनुवटीला लावून बसला. समोर तशाच खुर्चीत अनुजा आरामात बसली होती.

"ताई, माझं चुकलं. परत या."

अनुजाचं मन तर दारात त्याला बघितल्याबरोबरच तयार झालं होतं. पण शेडमधला प्रकार कानावर आलेल्या हितेंद्रने सकाळीच बजावलं होतं, आला तर लगेच हो म्हणू नकोस. त्यामुळे तिने जरा वेळ खडू-डस्टर आवरले.

"माझ्या दोन गोष्टी आहेत."

"बोला."

"आत छोटा पंखा बसवायचा."

"आजच बसवतो. दुसरी?"

"नाव. माझ्या सासूबाई प्रत्येक भाग संपला की चष्मा पुसून शेवटची नावं वाचत बसतात. जेवण आणणाऱ्याचं येतं, गाडीवाल्यांचं येतं. माझं येत नाही. त्या काही बोलत नाहीत, पण दर वेळी वाचतात."

विहंगने मान खाली घातली. "येईल ताई. शेवटच्या भागात, मोठ्या अक्षरात."

"मोठं नको. त्यांना वाचता येईल एवढं पुरे."

मग दोघंही हसले. विहंग उठायला गेला, तर खुर्ची त्याच्याबरोबरच वर आली. तेव्हा तर अनुजा डोळे पुसत हसत सुटली.

दुसऱ्या पर्वाचा शेवट असा होता की वस्तीवरची माणसं पृथ्वीवर परत निघतात आणि ठोकळ्या मागे राहतो. संहितेत लिहिलं होतं : तो हात उंचावून निरोप देतो. अनुजाने तालमीत हात उंचावून पाहिला. तिला ते पटेना. दर वर्षी जूनमध्ये ती वर्गाच्या दारात उभी राहून हेच बघत आली होती. आई पाठ फिरवून निघते, तेव्हा नवीन मूल हात वगैरे हलवत नाही.

"विहंग, हात नको. मला जे वाटेल ते करू दे एकदा."

"करा."

क्षितिजा यानाच्या दाराकडे चालत निघाली. तिने मागे बघायचं नाही असं ठरलेलं होतं. ठोकळ्या उभा होता. ती अर्ध्यावर गेली आणि तो तिच्या मागे निघाला. दोन पावलं. आपल्याला जायचं नाहीये हे आठवल्यासारखा तिथेच थबकला, आणि मागे राहिलेला पाय पुढच्या पायाशेजारी नीट जुळवून उभा राहिला, अगदी शहाण्यासारखा.

क्षितिजाला ती दोन पावलं ऐकू आली आणि ठरलेलं असूनही तिने मागे वळून पाहिलं. तेच दृश्य ठेवलं गेलं. दुपारी माल उतरवून तिकडे डोकावलेला हितेंद्र दरवाज्यात उभा होता, तो लाइटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमची बायको आहे ती."

शेवटचा भाग आला त्या संध्याकाळी तोडणकरांच्या घरात बसायला जागा उरली नव्हती. सगळे नाक पुसत होते, आणि शांताबाई मात्र चष्मा पुसून तयार होत्या. नावं वर सरकायला लागली. मधेच आलं : ठोकळ्या – अनुजा हितेंद्र तोडणकर.

"परत लाव रे हितू," शांताबाई ओरडल्या, "माका नीट दिसाक नाय!"

त्यांना अगदी नीट दिसलं होतं. तरीही त्यांनी तीनदा लावायला लावलं, आणि तिसऱ्यांदा पडद्याजवळ जाऊन नावावर बोट फिरवलं. तेवढ्यात मनवाचा फोन आला. ती काय बोलत होती ते अनुजाला कळलं नाही, कारण मनवा नुसती किंचाळत होती.

आता 'दूरवस्ती'चं तिसरं पर्व चालू आहे आणि सिनेमाही निघतोय. मध्यंतरी दादरला चाहत्यांनी मेळावा भरवला. निम्मी मंडळी डोक्याला पुठ्ठ्याची खोकी लावून आलेली. अनुजा हिरव्या साडीत व्यासपीठावर बसली. माइक तिच्या उंचीला आणेपर्यंत दोघांची तारांबळ उडाली. एक कॉलेजातली मुलगी, जुई, उभी राहिली आणि तिने फार दिवसांचा वाद बाहेर काढला. पहिल्या पर्वात ठोकळ्या रिकाम्या बोगद्यात जमिनीवर बसतो आणि बराच वेळ उठत नाही. अर्धे म्हणतात तो एकटा पडलाय, अर्धे म्हणतात तो विचार करतोय. "मॅडम, तुम्हीच सांगा, तेव्हा त्याच्या मनात काय होतं?"

 अनुजाने विहंगकडे पाहिलं, क्षितिजाकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला जमेना.

"माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या गं. उठताच येईना."

हशाचा असा स्फोट झाला की काही जणांची खोकी गळून पडली. विहंग टेबलावर डोकं टेकून हसत होता. हे त्यालाही आजच कळत होतं. जुई मात्र बसली नाही.

"असू दे मॅडम," ती हसत पण ठामपणे म्हणाली, "आमच्या मते तो एकटाच पडला होता."

"बरं बाई," अनुजा म्हणाली, "तू म्हणतेस तर पडला असेल." आणि पुढच्या रांगेत बसलेल्या शांताबाईंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.